उजव्या बाजूचा आवाज

"आत या. लॅपटॉप भिजेल."

"आणि मी भिजले तर?"

"तुम्ही वाळाल," तो म्हणाला. "तो नाही वाळायचा."

कामशेतच्या बाजारपेठेत मोबाइलच्या एका बंद दुकानासमोर मी ओढणीखाली लॅपटॉप छातीशी धरून उभी होते, आणि शेजारच्या दारात हा उभा होता. उंच, सावळा, गळ्यात मोठाले हेडफोन अडकवलेला. चेहऱ्यावर असे गांभीर्य, की हा विनोद करतो आहे की उपकार, ते कळू नये. त्याच्या दारावरच्या पाटीवर 'व्हिडिओ शूटिंग: लग्न, साखरपुडा, बारसे' असे रंगवले होते. ऑगस्ट अर्धा सरला होता. मावळात पावसाचे कौतुक केव्हाच संपले होते. आता तो घरातल्या एखाद्या अबोल माणसासारखा दिवसभर नुसता असायचा.

मी आत गेले.

"इअरफोन घ्यायला आले होते," मी सांगितले. "माझ्या फिल्मचा आवाज एकाच कानात येतो. डाव्या."

"बघू." त्याने माझा इअरफोन आपल्या फोनला लावला, एक बाजू ऐकली, दुसरी ऐकली. "याचा उजवा कान गेलाय." मग माझ्या लॅपटॉपला स्वतःचे हेडफोन जोडले आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "आणि तुमच्या फिल्मलाही उजवा कान नाही. दोन्ही आजार एकदम! असा पेशंट पहिल्यांदाच आला."

मी हसले नाही. त्या दिवसांत मी सहजासहजी हसत नसे. एम. ए. झाल्यापासून लोणावळ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते, आणि उरलेल्या वेळात कवितेच्या ओळी मनात घोळवत जगाकडे जरा अंतरावरून पाहत होते. शब्द तोलून वापरावेत आणि भावना त्याहून तोलून, ही माझी शिस्त होती. वडगावला महिन्याच्या शेवटच्या शनिवारी जुनी बियाणी जपणाऱ्या बायकांचा मेळावा भरणार होता. त्यासाठी वडिवळ्याच्या झुंबरबाईंवर आठ मिनिटांची फिल्म करण्याचे मी कबूल करून बसले होते. ऐंशीच्या घरातल्या या बाईंनी भाताच्या अकरा जुन्या जाती राखेत घोळवून, मडक्यांत भरून जपल्या होत्या. विषय सुंदर होता. फिल्म करणारी मात्र नवशिकी होती.

"माईक एकच लावला होता ना?" त्याने विचारले. "त्याचा आवाज डाव्या चॅनेलमध्ये गेला. उजवा रिकामा राहिला. हे बघा."

पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या होत्या. वरची सह्याद्रीच्या रांगेसारखी उंचसखल. खालची सपाट, वारा नसलेल्या तळ्यासारखी.

"वरची डावी, खालची उजवी. डावीतलं उजवीत भरायचं. इथे... असं. आता ऐका."

त्याने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवले नाहीत, हातात दिले. ते मला उगाचच लक्षात राहिले. झुंबरबाईंचा आवाज दोन्ही कानांतून आला आणि कपाळाच्या मागे, अगदी मधोमध येऊन बसला.

"आवाज समोरून येतो असं वाटतं आपल्याला," तो म्हणाला. "खरं तर तो दोन बाजूंनी येतो. मधे आपण बसवतो त्याला."

मी वळून पाहिले. लग्नाचे व्हिडिओ कापून जोडणाऱ्या माणसाने असे वाक्य बोलावे, याची माझ्या शिस्तीत तरतूद नव्हती.

तेवढ्यात त्याने आवाज स्पीकरवर घेतला, आणि माझी मुलाखत त्या छोट्या खोलीत घुमू लागली. माझा प्रश्न लांबून, पुसट ऐकू येत होता: "आजी, या जतनकार्यामागची आपली प्रेरणा कोणती?"

आणि झुंबरबाईंचे खणखणीत उत्तर: "प्रेरना व्हय? ती कैलासची थोरली. नाणे गावात दिलीया."

त्याने ओठ घट्ट मिटले.

"या प्रवासाविषयी काही सांगाल?"

"परवास कुटला, बाय? आळंदीच्या म्होरं मी गेली न्हाई कदी."

मग मात्र त्याला आवरले नाही. टेबलावर कपाळ टेकून तो हसत राहिला, खांदे हलेपर्यंत. मी दुखावल्या प्रतिष्ठेने म्हणाले, "गिऱ्हाइकाला हसण्याची पद्धत आहे का इथे?"

"माफ करा... माफ करा." त्याने डोळे पुसले. "ही आमची झुंबरआजी. माझी चुलत आजी. मी सत्यम."

"मी पद्मजा. म्हणजे तुम्ही वडिवळ्याचे?"

"हो." तो 'हो' अगदी स्वच्छ होता, कागदावर लिहिल्यासारखा.

"बोलण्यावरून वाटत नाही."

त्याचे हसू जरा मावळले. "गिऱ्हाइकांशी नाही बोलत तसं," तो म्हणाला आणि लगेच विषय बदलला. "मुलाखत पुन्हा घेऊ. दोन माईक लावू, एक आजीला, एक मला. प्रश्न मी विचारतो. तुम्ही फक्त बघा... आणि कुणाची प्रेरणा कुठे दिली ते विचारू नका."

या वेळी मी हसले. स्वतःच्या हसण्याचा आवाज मला अनोळखी वाटला.

रविवारी आम्ही वडिवळ्याला गेलो. धरणाचे पाणी काठोकाठ होते आणि खाचरांतले भात गुडघ्याला लागत होते. झुंबरबाई पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. सत्यमने त्यांच्या पदराला इवलासा माईक लावला, दुसरा आपल्या कॉलरला.

"डावीकडे आजी, उजवीकडे मी," तो मला म्हणाला. "लक्षात ठेवा. कापताना घोळ नको."

"डावीकडे आजी, उजवीकडे सत्यम," मी शाळकरी मुलीसारखे म्हणून दाखवले.

"मॅडम हुशार आहेत."

"मॅडम म्हटलं तर मी कॅमेरा बंद करीन."

मग तो आजींसमोर मांडी घालून बसला, आणि काहीतरी घडले. त्याने विचारले, "आज्ये, ह्ये काळभाताचं बी तू कुटनं आनलंस गं?" आणि तो माणूसच बदलला. खांदे सैल झाले, हात बोलू लागले. घरी येऊन बूट काढून अनवाणी जमिनीवर पाय टेकावेत, तशी ती भाषा त्याच्या तोंडात आली. झुंबरबाई तर उघडलेल्या पाटासारख्या वाहू लागल्या. माहेरहून लुगड्याच्या गाठीत आणलेले बी, सासूने फेकून दिलेले मडके, उंदरांशी झालेल्या लढाया! मी कॅमेऱ्यामागे उभी होते; पण आजींच्या गोष्टीत माझे अर्धेच मन होते. उरलेले अर्धे त्याच्या 'लय'मध्ये, त्याच्या 'मंग?'मध्ये अडकून पडले होते.

त्याने एकदा वर पाहिले. मी टक लावून पाहते आहे हे त्याच्या ध्यानात आले, आणि क्षणात तो पुन्हा इस्त्री केलेल्या मराठीत शिरला. "तुम्हाला हवं तसं येत आहे ना?"

"हवं त्याहून चांगलं," मी म्हणाले. आणि मान खाली घातली.

मधेच पाऊस थांबला. धरणावर एक तिरपे, ओले ऊन उतरले. कॅमेरा तिकाटण्यावर चालू ठेवून मी फोन घेऊन खाचरे टिपायला धावले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा झुंबरबाई सबंध चेहऱ्याने हसत होत्या, आणि सत्यमचे कान जास्वंदीसारखे झाले होते.

"काय झालं?" मी विचारले.

"काही नाही," तो.

"न्हाई कसं? लय झालं की!" झुंबरबाई.

"आज्ये!"

सोमवारपासून रोज दुपारचे तास आटोपून मी कामशेत गाठत होते. तो शिकवायचा, मी वहीत लिहून घ्यायचे. आवाजाची जोडी सोडवायची, दोन चॅनेल दोन ट्रॅकवर वेगळे करायचे, एकाला बंद ठेवून दुसऱ्याला कापायचे. आमचे खांदे एका स्टुलाच्या अंतरावर असायचे. ते स्टूल कुणीही सरकवले नाही. पण त्याच्या असण्याची जाणीव दोघांनाही होती. मला तरी फार होती.

"आता सोपं करा," मंगळवारी तो म्हणाला. "डावा ठेवा, उजवा पुसून टाका. त्यात माझेच प्रश्न आहेत."

"प्रश्नांशिवाय उत्तरं कशी कळतील?"

"प्रश्न पडद्यावर लिहून दाखवा. तुमच्या शुद्ध मराठीत."

"पण तुमच्या आवाजात ते—"

"माझा आवाज नको." तो पडद्याकडेच पाहत होता. "एका साखरपुड्याच्या व्हिडिओत मी चुकून मागून बोललो होतो. पाहुण्यांनी तो भाग काढायला लावला. म्हणाले, हे मागे कोण गावठी बोलतंय? मीच बसून कापला. स्वतःच्या हाताने." त्याने खालची पट्टी बंद केली. "उजवा ऐकूही नका. शब्द द्या."

मी शब्द दिला. दिलेला शब्द हा माझ्या लेखी छापलेल्या शब्दाइतका पक्का असतो.

डावा ऐकू नका, असे मात्र कुणी म्हटले नव्हते.

बुधवारी सकाळी, लोणावळ्याला माझ्या खिडकीशी बसून, त्याच एककानी इअरफोनने मी डावा ट्रॅक ऐकत होते. नवा इअरफोन घ्यायचा राहूनच गेला होता. ऐकता ऐकता मी त्या दहा मिनिटांपाशी पोचले, जेव्हा मी खाचरांत होते. झुंबरबाई स्पष्ट ऐकू येत होत्या. मधल्या जागांत लांबवर एक पुसट गुणगुण होती. शब्द लागत नव्हते.

"व्हय की. देखणी हाय. पर वाळली लय."

गुणगुण.

"मंग मला काय सांगतूस? तिला सांग की!"

गुणगुण... बराच वेळ.

"हसंल? हसू दे की. रडण्यापरीस बरं."

गुणगुण.

"लोनावळ्याची म्हनून काय झालं? लोनावळा काय परदेशात हाय? यष्टी जाती तितं!"

आणि या सगळ्या बोलण्यात ते हसू.

माझ्या छातीत काहीतरी एकदम उडाले. पारव्यांचा थवा उडतो तसे, सगळ्या बाजूंनी. उत्तरे माझ्याकडे होती, प्रश्न नव्हते! देखणी कोण? लोणावळ्याची... मीच ना? की त्याचे आणखी कुणी लोणावळ्यात होते? आणि 'तिला सांग', म्हणजे नेमके काय सांग? प्रश्न खालच्याच ओळीत पडलेले होते, एका क्लिकच्या अंतरावर. मी ते ऐकले नाहीत. पण पाहिले! उजव्या ट्रॅकवरच्या त्या लहरी मी अर्धा तास नुसत्या पाहत बसले. इथे बारीक... इथे थांबला... इथे अचानक उंच. आयुष्यभर कविता वाचली. पण एखादी ओळ इतक्या आसोशीने आणि इतक्या निरक्षरपणे कधी वाचली नव्हती.

शनिवारी मेळावा. त्यानंतर कामशेतला जाण्याचे काही निमित्त उरणार नव्हते. त्याने शनिवारपर्यंत सांगितले नाही, तर तो कधी सांगणार? आणि मी? मी तर एवढी तोलून बोलणारी, की माझे पारडे कधी झुकायचेच नाही.

त्या दुपारी मी त्याच्यासमोर वही मिटली. "मला तुमचे तीन प्रश्न हवेत. तुमच्या आवाजात. त्यांच्याशिवाय फिल्म मुकी आहे."

"पाहुणे हसतील."

"ते पाहुणे नाहीत, मावळातली माणसं आहेत. आणि जो हसेल त्याला मी बघून घेईन."

"तुम्ही?" त्याने मला नखशिखान्त न्याहाळले. "तुम्ही तर 'कृपया हसू नये' असं शुद्ध मराठीत सांगाल."

"विषय बदलू नका."

मग त्याने एका चिठ्ठीवर तीन जागांची वेळ लिहून दिली, मिनिटे आणि सेकंद. "एवढेच तीन. बाकीचं पुसा."

"पुसते."

"उजवं ऐकलं नाहीत ना?"

"शब्द दिलाय."

"आणि... डावं?"

"डावं आजींचं आहे," मी म्हणाले. "त्या फार छान बोलतात."

जास्वंद पुन्हा फुलली. आणि ते स्टूल त्या दिवशी कुणीतरी बाजूला ठेवले. कुणी ठेवले, ते मला खरेच आठवत नाही.

गुरुवारी मात्र घरी बसून मी फिल्म पुरी केली. बंद करून ठेवलेला उजवा ट्रॅक उघडला, चिठ्ठीप्रमाणे तीन प्रश्न कापले, आजींच्या उत्तरांसारखेच दोन्ही कानांच्या मधोमध बसवले. शेवटच्या मिनिटासाठी मला झुंबरबाईंचे ते सबंध चेहऱ्याने हसणे हवे होते. साऱ्या चित्रीकरणात त्याहून सुंदर दुसरे काही मला दिसले नव्हते. त्याखालचे त्यांचे बोलणे खासगी होते, म्हणून ते मी काढून टाकले. नुसता चेहरा, आणि शांतता. माझ्या एककानी इअरफोनने फिल्म सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली. निर्दोष होती.

शुक्रवारी पेन ड्राइव्ह त्याच्या हाती दिला.

"एकदा बघून घेतो."

"नाही. उद्या. सगळ्यांबरोबर."

"विश्वास ठेवू?"

"ठेवा," मी मोठ्या रुबाबात म्हणाले.

शनिवारी वडगावच्या बाजार आवारातली पत्र्याची मोठी शेड गच्च भरली होती. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, मधे वाट. दोन्ही बाजूंना एकेक उंच स्पीकर. बाहेर आभाळ फाटले होते, आणि पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्याशीही ओरडून बोलावे. सत्यम डावीकडे, पुरुषांच्या बाजूला, प्रोजेक्टरपाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. मी उजवीकडे झुंबरबाईंना खेटून. पलीकडे त्याची आई, राजेश्वरीकाकू. त्या मला भेटल्या क्षणापासून माझ्याकडे जरा जास्तच निरखून पाहत होत्या.

फिल्म सुरू झाली. पहिला प्रश्न आला, "आज्ये, ह्ये काळभाताचं बी तू कुटनं आनलंस गं?" आणि शेडभर एक लाट गेली. ते हसणे नव्हते. आपल्या घरचे कुणीतरी अचानक पडद्यावर दिसावे, तशी ती ओळख होती. पुरुषांच्या बाजूला कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याची मान खाली होती. ती हळूहळू वर आली. मला वाटले, झाले. एवढे पुरे आहे. एवढ्यावर मी आयुष्य काढीन.

शेवटचे मिनिट आले. झुंबरबाईंचा हसरा चेहरा, पडद्याएवढा. शांतता.

आणि आमच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून सत्यम म्हणाला:

"आज्ये, ही पोरगी कशी वाटती गं तुला?"

क्षणभर काही कळले नाही, आणि मग सगळे एकदम कळले. मी उजवा ट्रॅक उघडला होता. तीन प्रश्न उचलले होते. आणि उरलेला पुसायचा राहिला होता! तो तिथेच होता, फक्त उजव्या बाजूला. आणि माझ्या इअरफोनला उजवी बाजूच नव्हती.

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. फिल्ममधून मी आजींचे उत्तर काढले होते. पण आजी तर इथे, माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. त्यांनी पडद्याकडे हात केला आणि मोठ्यांदा सांगून टाकले:

"देखणी हाय! तवाच म्हनलं न्हाई का तुला!"

उजवी बाजू फुटली. हशा, टाळ्या, बांगड्यांचा आवाज. स्पीकर पुढे बोलतच होता, थांबत, अडखळत, जागा सोडत:

"मला लय आवडती गं... पर ती म्होरं आली की माजं त्वांड शुद्ध व्हतंय, आन् मनातलं मनातच ऱ्हातंय."

"आता ऱ्हायलं व्हय मनात?" झुंबरबाई ओरडल्या.

"असं बोललो तर हसंल ती..."

"कुटं हसतीया? रडाया लागली की ही!" आणि त्यांनी माझा चेहरा हनुवटीला धरून सगळ्या बायकांना दाखवला.

मी खरेच रडत होते. आणि हसतही होते. प्रश्न आणि उत्तरे, डावे आणि उजवे, सगळे एकदाचे माझ्या कपाळामागे मधोमध येऊन बसत होते, आणि तिथे एवढी जागा आहे हे मला आजवर माहीतच नव्हते!

पलीकडे पुरुष बावचळून पाहत होते. त्या धो-धो पत्र्याखाली त्यांच्यापर्यंत एक अक्षर पोचत नव्हते. त्यांना नुसता हसणारा चेहरा दिसत होता आणि हसणाऱ्या बायका. सत्यमला वाटले, उजव्या स्पीकरमध्ये काही बिघाड झाला. तो वाकून वाट ओलांडून धावत आमच्या बाजूला आला, वायरीला हात घातला, आणि त्याच क्षणी त्याच्या कानाशी त्याचाच आवाज म्हणाला:

"पद्मजा नाव हाय तिचं. नाव घ्याया बी भ्या वाटतं बघ."

मग त्याने वायर ओढायला मूठ आवळली. मी उठून त्याचे मनगट धरले.

"राहू द्या."

पडदा पांढरा झाला. बायकांची बाजू एकाएकी गप्प झाली. इतकी गप्प, की पाऊसही जरा लाजला असेल.

"मी... मी मनःपूर्वक क्षमा मागतो," तो पुटपुटला. "हा सर्व प्रकार अनवधानाने—"

"चूक माझी आहे. तुम्ही कशाला माफी मागता? पुसायचं मी विसरले. पण शब्द मोडला नाही. आत्ता ऐकलं, पहिल्यांदा. या सगळ्यांबरोबर." मी मनगट सोडले नव्हते. "आणि मला असं नका सांगू. आजींना सांगितलंत तसं सांगा."

"तसं?"

"तसंच."

त्याने एकदा आईकडे पाहिले. राजेश्वरीकाकू पदराने डोळे टिपत होत्या आणि मानेने त्याला पुढे ढकलत होत्या. मग त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचे खांदे हळूहळू सैल झाले.

"मला तू लय आवडतीस, पद्मजा," तो म्हणाला. "हसली न्हाईस ना?"

"हसले," मी म्हणाले. "आठवडाभर हसतेय. घरचे विचारतात, हिला झालं काय."

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने अंबाजी आबा काठी टेकत उभे राहिले. वडिवळ्यातला सगळ्यांत वडील माणूस; त्यांचा आवाज पावसालाही पुरून उरला. "आरं ए सत्यम! बायांनाच ऐकवतूस व्हय? असं डावं-उजवं करायचं न्हाई! आमी काय पाप केलं? पुन्यांदा लाव!"

"पुन्यांदा! पुन्यांदा!" पलीकडून गलका झाला.

सत्यमने मान वळवून लॅपटॉपकडे पाहिले, मग माझ्याकडे. आम्ही दोघे वाट ओलांडून तिथपर्यंत गेलो. त्याने सेटिंग उघडली आणि बोट एका बटणावर नेऊन थांबवले.

"ह्ये दाबलं की दोन्ही बाजू एक व्हत्यात," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मंग समद्या शेडीला ऐकू जाईल. माजं बोलनं जाऊ दे, त्याची मला आता लाज न्हाई. पर तुजं नाव हाय त्यात. सांजच्याला लोनावळ्यात पोचंल. तुज्या घरी पोचंल." बोट तिथेच होते. "पुसायचं असंल तर आत्ता पुसतो. तू सांग. लावू?"

माझ्यापाशी शब्द पुष्कळ होते. होकारासाठी तर किती! अनुमती, संमती, स्वीकार, मान्यता. वर्षानुवर्षे जमवलेले, घासूनपुसून ठेवलेले. त्यातला एकही त्या क्षणाला पुरेसा उबदार नव्हता. सबंध शेड माझ्याकडे पाहत होती. पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"व्हय," मी म्हणाले. "मोठ्यानं लाव."